व्हॅनला खिडकी बसवताना या चुका टाळा

झोपायची सोय केलेल्या व्हॅनला जतच्या उन्हात बसवलेली खिडकी दोन-दोन वर्षं कोरडी राहते आणि कोयनानगरच्या पहिल्याच पावसाळी मुक्कामात गादी भिजवते. मग दोष सीलंटला, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट लेपाला, दिला जातो. खरी चूक बहुतेकदा त्याआधी, पत्रा कापतानाच झालेली असते.

त्याहीआधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर निर्बंध आहेत. मालवाहू व्हॅनला हात लावण्यापूर्वी आपल्या आरटीओची लेखी मंजुरी घ्या. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच मापात बनवूनच आणा, ती नंतर कापता येत नाही.

पत्रा ग्राइंडरने कापू नका. उष्णतेने कडेचा रंग आणि जस्ताचा थर जळतो, ठिणग्या शेजारच्या रंगात रुततात आणि पहिल्याच पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात. आतून पट्ट्या, खांब आणि वायरी कुठून जातात ते बघा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुठ्ठ्याचा साचा लावून कोपऱ्यांत १० ते १२ मिमीची भोकं पाडा आणि इंचाला २४ दात असलेल्या ब्लेडने जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणारी विजेची करवत, चालवा. बाहेर मास्किंग टेप हवीच. कापलेली कड कानशीने घासा आणि तिला एपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. हे वगळलं तर कोणतंही सीलंट टिकत नाही, कारण खाली गंज फुगतो आणि सीलंट पत्र्यापासून सुटतं. लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने शेवटच्या कणापर्यंत काढा, दाराच्या पोकळीतलासुद्धा.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल पत्रा खातं. काच चिकटवायला पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, घ्या. त्याची धार सलग हवी, आणि पापुद्रा धरण्याआधी काच बसवा. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ द्याच. या काळात दुसरी काच थोडी उघडी ठेवा, नाहीतर दार आपटल्यावर आतल्या हवेच्या दाबाने ओली काच बाहेर ढकलली जाते. काचेच्या कडेला काळी पट्टी नसेल तर ऊन थेट पीयूवर पडतं आणि ते हळूहळू कुजतं.

आतून चौकट कसून बसणाऱ्या खिडक्यांचं वेगळं आहे. पत्रा जेमतेम पाऊण मिमीचा, खिडकीच्या चौकटीला मात्र पकडायला ठरावीक जाडी लागते. ती खिडकीच्या माहितीपत्रकात बघा आणि पत्र्याच्या आतून तेवढ्या जाडीची अॅल्युमिनियमची भर चौकट लावा. भरीला लाकूड नको, उघडं लाकूड पाणी पितं. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, हातानेच आवळा. चौकट आणि पत्र्यामधली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, हळूहळू दबते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा.

तरी गळतेय? पाणी दिसतं तिथून बहुतेकदा आत शिरत नाही, वरून ओघळत आलेलं असतं. पाइपने मंद धार खालच्या कडेपासून सुरू करा, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं, आणि आत एकाला टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसवा. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि भोक सापडत नाही. खिडकीच्या चारही कडा कोरड्या राहिल्या तर छताच्या पन्हळीचा जोड तपासा.