संभाजीनगरात पाचव्यांदा चाललात? मग यादी घरी ठेवा

मराठवाड्यातला माणूस संभाजीनगरात फिरायला म्हणून जातच नाही. तो घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंटचा डबा घेऊन जातो, हायकोर्टाच्या खंडपीठात तारखेला जातो, विद्यापीठातून मार्कमेमो आणायला जातो, नाहीतर साडूच्या पोरीच्या साखरपुड्याला. काम दुपारी आटोपतं, परतीची गाडी रात्रीची असते आणि मधल्या सहा तासांचं काय करायचं कळत नाही. बीबी का मकबरा बघून झालेला. पाणचक्की शाळेच्या सहलीत झाली. घृष्णेश्वर, वेरूळची लेणी आणि भद्रा मारुती अशी चक्कर तीनदा झाली. मग 'आता इथं बघायला उरलंय काय' म्हणत माणूस मॉलच्या एसीत जाऊन बसतो.

मीही बसलोय. चुलत्यांच्या जमिनीच्या दाव्यापायी परभणीहून वर्षाला चार-पाच खेपा होतात आणि दाव्याचं वय आता माझ्या धाकट्या मुलाएवढं आहे. या खेपांमध्ये जुन्या गावात नवं कसं शोधायचं ते हळूहळू जमत गेलं. ते इथं सांगतो. उदाहरणं संभाजीनगरची आहेत, कारण मला तेच गाव ठाऊक आहे. रीत कुठल्याही गावाला चालेल.

आधी काय टाकून द्यायचं

'न पाहिलेली दहा अनवट ठिकाणं' छापाच्या याद्या टाकून द्या. त्या बहुतेक घरी बसून लिहिलेल्या असतात. दहा ठिकाणं शहराच्या दहा टोकांना असतात, तुमचा निम्मा दिवस रिक्षात जातो आणि तिथं पोचल्यावर कुलूप असतं. पाहिलेल्या जागा कागदावर लिहून खिशात ठेवा. पुढे एका कामाला लागतील.

एक माग धरा

सगळी गोम इथंच आहे आणि मी इथंच वर्ष-दोन वर्षं वाया घालवली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठिकाणं शोधायची नसतात, माग काढायचा असतो. एखादी वस्तू, एखादा माणूस किंवा एखादी सोय घ्यायची आणि ती शहरात कुठून कुठं जाते ते पायी बघायचं. ठिकाणं वाटेत आपोआप येतात आणि पाहिलेली असली तरी वेगळी दिसतात.

आता माझी फजिती ऐका. पहिला माग धरला तो दरवाजांचा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, म्हणून मावसभावाची मोटरसायकल घेतली आणि एका दिवसात सगळे बघायला निघालो. आज त्यातले मोजकेच उभे आहेत हेही धड माहीत नव्हतं. पैठणगेट, रोशनगेट, कटकटगेट, दिल्लीगेट असं करत चार तास हॉर्न आणि धूर खाल्ला. सात दरवाजे झाले. घरी येऊन फोटो बघतो तर कुठला कुठला ते मलाच सांगता येईना. बायको म्हणाली, सगळे सारखेच आहेत की. खरंच सारखे होते, कारण मी एकाही दरवाजाला हे विचारलं नव्हतं की बाबा तू इथंच का?

ते विचारलं असतं तर भडकल दरवाज्यानं उत्तर दिलं असतं. शहर वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली, खडकी नावाच्या खेड्याच्या जागी. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये त्यानं हा दरवाजा उभारला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस निजामशाहीचा वजीर होतो आणि दिल्लीच्या फौजेला मागं सारल्याची खूण गावात ठेवतो. हे कळल्यावर तो एकच दरवाजा बाकीच्या सहांना पुरून उरतो. त्याचा माग पुढे खुलताबादपर्यंत जातो, तिथं त्याची कबर आहे. भद्रा मारुतीला गेलेल्यांपैकी किती जण तिकडे वळलेत ते घरात विचारून बघा.

तर माग कसा निवडायचा? माझ्या अटी कडक आहेत. तीन-चार किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये, कारण गाडी घेतली की माग सुटतो. त्याला स्वतःची दिशा हवी, म्हणजे पुढचं वळण तुम्ही ठरवायचं नाही, त्यानं ठरवायचं. वाटेत लोकांची घरं यायला हवीत, नुसती स्मारकं नकोत. आणि निघण्याआधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की कुठून निघतोय आणि काय शोधतोय. 'जुनं शहर बघतोय' म्हणजे काहीच सांगितलं नाही. 'पाणचक्कीत पडणारं पाणी येतं कुठून ते बघतोय', याला माग म्हणतात.

हाच पाण्याचा माग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि पेशंटसोबत आलेल्यांना तो सोयीचाही आहे, कारण घाटीपासून पाणचक्की चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाणचक्की परत बघायची, पण हौदातले मासे नाही. ती उंच भिंत बघायची. काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या खापराच्या नळांतून आणलेलं पाणी त्या भिंतीत वर चढवलंय, तिथून ते धबाधबा खाली हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात उतरलेल्या फकीर-यात्रेकरूंचं पीठ निघायचं. हौदाच्या बाजूनं खाली उतरलात तर आणखी गंमत आहे: हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. उन्हाळ्यात भिंतीवरून कधी नुसती धार गळते. तरी भिंत बघाच, करामत भिंतीत आहे.

तिथून महमूद दरवाज्याच्या बाजूनं, खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यात शिरा. इथं खूण काय शोधायची तर बंबा. दगड-चुन्याचा उंच चौकोनी खांब, वर काही नाही, अंगावर झाडोरा उगवलेला, कधी कुणाच्या कंपाउंडला चिकटलेला. नळात अडकलेली हवा निघून जावी आणि पाण्याचा दाब सांभाळला जावा म्हणून वाटेत हे खांब बांधले होते. एक दिसला की डोळ्यांना सवय होते, मग दुसरा शोधावा लागत नाही. थत्ते हौदही बेगमपुऱ्यातच आहे.

इथं एक सावध करतो. नहर, म्हणजे पाणी आणणारा जमिनीखालचा कालवा, एक नाही. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी वेगळी, पाणचक्कीची वेगळी, थत्ते नहर वेगळी. मी वर्षभर तिन्ही एकच समजत होतो आणि पाहुण्यांना छाती फुगवून चुकीचं सांगत होतो. दुसरं म्हणजे, पाणी येतं त्या बाजूला चाला, जातं त्या बाजूला नको. पाणी पडतं ती जागा पक्की माहीत असते, उगम मात्र हरसूलच्या अंगाला वस्तीत आणि झाडीत हरवून जातो. उलट्या टोकानं सुरू केलंत तर पहिल्या अर्ध्या तासातच वैतागून रिक्षा कराल. आणि माग कुठंतरी तुटणारच. तुटला की थांबायचं, चहा प्यायचा. शेवटचं टोक गाठलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

विचारायचं कुणाला, आणि काय

'स्थानिकांशी बोला' हा सल्ला सगळेच देतात. काय बोला ते कुणी सांगत नाही. तुम्ही विचारलंत की 'इथं बघण्यासारखं काय आहे?', तर उत्तर ठरलेलं: मकबरा, वेरूळ, अजिंठा. समोरचा माणूस तुम्हाला पाहुणा समजून चांगलंचुंगलं पुढे करतो, त्याचा काही दोष नाही. एका लॉजच्या काउंटरवर मी हे विचारलं, तर पोरानं ड्रॉवरमधून टूर बसचा कागद काढून दिला आणि तोही नेमका मंगळवारी, जेव्हा वेरूळची लेणी बंद असतात. (अजिंठा सोमवारी बंद. हे पाठ करून ठेवा.)

म्हणून समोरच्या वस्तूवर बोट ठेवून विचारा. आणि ज्याची जागा हलत नाही अशाला विचारा: इस्त्रीवाला, गिरणीवाला, सायकल दुरुस्तीवाला. बेगमपुऱ्यात एका पंक्चरच्या दुकानापुढे मी विचारलं, "चचा, ये खंबा कायका है?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पानी का बंबा है. तुम कां के?" परभणीचा म्हटल्यावर ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत त्यांनी उलटं विचारलं, "तुमारे याँ नल कित्ते दिन में आता?" म्हटलं, आठवड्यातून कधीतरी. चचा हसले. ट्यूबमधून बुडबुडे आले, त्यावर अंगठा दाबून म्हणाले, "हमारे याँ भी वैसाच." जायकवाडीचं पाणी पैठणहून पाइपानं वर चढवून या शहरात येतं आणि तरी नळाची वाट बघावी लागते. हे त्या खांबाच्या सावलीत ऐकलं तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीच्या खापराच्या नळांची खरी किंमत कळली. नंतर त्यांनी आतल्या गल्लीतला आणखी एक बंबा दाखवायला पोरगा सोबत दिला. हे कुठल्या यादीत मिळतं?

जुन्या शहरात दखनी बोला, मोडकीतोडकी चालते. फोटो विचारून काढा, घरांच्या बाजूला कॅमेरा वळवू नका.

वेळ

माग सकाळी सात ते दहा. बाजार संध्याकाळी. एप्रिल-मे मध्ये दुपारी कुठंही जाऊ नका, झोपा.

पाहिलेल्या एका जागी परत जा

आता खिशातला कागद काढा. त्यातली एकच जागा निवडा आणि तिथं एकच गोष्ट बघायला जा. बेगमपुऱ्यापर्यंत आलाच आहात, तर मकबरा जवळ आहे. या खेपेला सेल्फी नको, संगमरवर कुठं संपतो ते शोधा. भिंतीचा खालचा पट्टा संगमरवरी, घुमट संगमरवरी आणि मधला सगळा भाग आपला काळा दगड, वरून गिलावा. जवळ जाऊन बघितलं की ती रेघ स्पष्ट दिसते. 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून नाक मुरडणारे ही रेघ न बघताच मुरडतात. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत. अताउल्लाचा बाप ताजमहालाचा वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी. बापाचं काम डोळ्यांपुढे, हातात पैसा कमी आणि वर बादशहाची नजर. या कारागिराची मला दरवेळी कणव येते.

पायात दम असेल तर मागच्या डोंगरातली लेणी करा. बारा आहेत, बौद्ध, तीन गटांत. वेरूळच्या नावाखाली झाकली गेल्यामुळे तिथं गर्दी नसते. सातव्या लेण्यात गाभाऱ्यात एक नाचणारी स्त्री आहे, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या, मोबाइलची बॅटरी लगेच पेटवू नका.

विद्यापीठाच्या कामाला आलेल्यांनी हाच डोंगर दुसऱ्या मागानं गाठावा. नागसेनवनातून सुरुवात करायची. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथं आहे. तिथून विद्यापीठाचं गेट, मग लेण्यांचा पायथा. बुद्धाच्या शिकवणीवर वाद घालणाऱ्या राजा मिलिंदाचं नाव कॉलेजला, त्याला उत्तरं देणाऱ्या नागसेनाचं नाव परिसराला आणि डोंगरात बौद्ध लेणी. माझा पुतण्या तिथं तीन वर्षं शिकला, त्याला हे मी सांगितलं.

खाण्याचं

नवीन हॉटेल शोधू नका. एकच पदार्थ एकाच संध्याकाळी दोन जागी थोडा थोडा खा, म्हणजे गाव जिभेवर उमटतं. मटण खात असाल तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. शहागंजच्या बाजूला भट्टीवर पिवळसर, तुकतुकीत नानांची चळत लागलेली दिसेल. एक नान नुसती, गरम असताना, उभ्यानं खा आणि मगच खलिया मागवा. मटण न खाणाऱ्यांनी गुलमंडीत जाऊन इमरती घ्यावी. पाव किलोच्या वर घेऊ नका, गाडीत पाक सांडतो. अनुभव आहे.

परवा पुन्हा तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. वकील साहेब म्हणाले, बोर्डावर नंबर लागेल याची खात्री नाही, आला नाहीत तरी चालेल. मी म्हटलं, येतो. खाम नदीवरचे जुने पूल राहिलेत, मकाई दरवाज्यापासून बारापुल्ल्यापर्यंत, आणि ते ऊन चढायच्या आत होतात.