मुक्त व्यापार कराराच्या भरवशावर परदेशात जाताय? या चुका टाळा

करार लागू झाल्याची बातमी आली की लोक ‘ड्युटी शून्य’ एवढंच वाचतात आणि कारखान्यासाठी जागा बघायला लागतात. सवलत कंपनीला मिळत नाही, मालाला मिळते. माल ओरिजिनच्या नियमात, म्हणजे तो कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या नियमात, बसला तरच.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे फक्त शेवटची प्रक्रिया पाहणं. युरोपीय संघ आणि व्हिएतनाम यांचा करार १ ऑगस्ट २०२० रोजी लागू झाला. त्यानंतर एका कपडे बनवणाऱ्या कंपनीचा प्रकल्प अहवाल माझ्याकडे आला. शिलाई व्हिएतनाममध्ये, कापड चीनचं, विक्री युरोपात, आणि नफ्याचं सगळं गणित शून्य ड्युटीवर. पण या करारात कापडही व्हिएतनाम किंवा युरोपीय संघातलं लागतं. अपवाद दक्षिण कोरियाच्या कापडाचा. शिवाय बऱ्याच कपड्यांवरची ड्युटी एकदम नाही, काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार होती. तोवर शिलाई मशिनांची ऑर्डर गेली होती. कोरियन पुरवठादार शोधण्यात पूर्ण हंगाम गेला.

म्हणून मी करार नंतर उघडतो. आधी कच्च्या मालाची यादी मागवतो, प्रत्येक ओळीपुढे एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) आणि मूळ देश लिहून घेतो, मग त्या मालाचा नियम वाचतो. काम कंटाळवाणं आहे. एवढा धीर नसेल, तर भांडवल गुंतवायची घाई करू नका. नुसतं पॅकिंग करून किंवा लेबल लावून ओरिजिन बदलत नाही. असा ‘जुगाड’ सुचवणाऱ्या सल्लागाराला दारातूनच परत पाठवा.

नियम कायमचे धरू नका. मेक्सिकोत गाड्या जुळवणाऱ्यांना नाफ्टामध्ये (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा जुना करार) ६२.५ टक्के प्रादेशिक मूल्य, म्हणजे गाडीच्या मूल्यात या तीन देशांचा वाटा, पुरत होतं. १ जुलै २०२० पासून नव्या करारात ते ७५ टक्क्यांकडे नेलं गेलं, शिवाय जास्त वेतनाच्या कामगारांची अट आली.

एमएफएन दरच, म्हणजे करार नसतानाही लागणारा सर्वसाधारण ड्युटी दर, शून्य असेल, तर सवलतीच्या सर्टिफिकेटमागे धावू नका.

साधं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे कराराचा आधार नसलेला मूळ देशाचा दाखला, सवलतीसाठी चालत नाही.

माल तिसऱ्या देशातून जाणार असेल, तर थ्रू बिल ऑफ लेडिंग (निघाल्यापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत वाहतुकीचा एकच कागद) घ्या.

आणि सर्टिफिकेट मिळालं म्हणून फाइल बंद करू नका. भारतात २१ सप्टेंबर २०२० पासून आयातदाराला ओरिजिनची माहिती किमान ५ वर्षं जपावी लागते. माल पाठवणारे तुम्ही असाल, तर तो ती तुमच्याकडेच मागणार. खर्चाचा तक्ता आणि पुरवठादारांची बिलं माल निघण्याआधीच एकत्र लावून ठेवा.