केमिस्टची नोकरी आणि मध्यम शहर : पगारातून हातात काय उरेल, हे कसे काढावे

मध्यम आकाराच्या शहरातून केमिस्टच्या (औषध दुकानदार नव्हे, रसायनशास्त्रज्ञ) जागेसाठी बोलावणे आले की चर्चा सुरू होते ती पगाराच्या आकड्यापासून. त्यावर कोणीतरी म्हणतेच, "पगार थोडा कमी असला म्हणून काय झाले, तिथे स्वस्ताई आहे, सहज भागेल." भागेलही. पण भागणे वेगळे आणि उरणे वेगळे. हा फरक होकार कळवण्याआधी कागदावर काढता येतो आणि तो काढलाच पाहिजे, कारण एकदा बिऱ्हाड हलवले की मागे फिरणे महागात पडते.

१. आधी स्वतःचे काम नेमके ठरवा

दिवसभर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) सॅम्पल चालवणारा, चाचणीची नवी पद्धत बसवून तिचे व्हॅलिडेशन (ती बिनचूक चालते याची पडताळणी) करणारा, प्लांटमध्ये रिअॅक्टरवर लक्ष ठेवणारा आणि संशोधनात नवी संयुगे तयार करणारा, या सगळ्यांच्या नेमणूकपत्रावर 'केमिस्ट' असू शकते. पगार मात्र एकसारखे नसतात. म्हणून तुलना हुद्द्याच्या नावावरून करू नका, कामावरून करा.

आकडेवारी शोधताना आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 'इस्को-०८' या वर्गीकरणाचा फार उपयोग होतो. त्यात रसायनशास्त्रज्ञांचा गट २११३ आहे, केमिकल इंजिनिअरांचा २१४५, रसायन आणि भौतिक विज्ञानातल्या तंत्रज्ञांचा ३१११ आणि फार्मासिस्टांचा २२६२. अनेक देशांची सरकारी आकडेवारी या किंवा अशाच धर्तीच्या गटांनुसार मांडलेली असते. नुसते 'केमिस्ट' शोधले तर औषध दुकानांतले पगारही त्यात मिसळतात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

२. सरासरी बाजूला ठेवा, मध्यक पाहा

समजा पाच केमिस्टांचे पगार ४०, ४२, ४५, ४८ आणि १२५ आहेत. सरासरी येते ६०. प्रत्यक्षात पाचातल्या चौघांना ५० सुद्धा मिळत नाहीत. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, आहे ४५, आणि नव्याने जाणाऱ्याने अपेक्षा धरावी ती त्याच्या आसपास. शहर जितके लहान तितका हा घोटाळा मोठा, कारण तिथे केमिस्टच मोजके असतात आणि एका विभागप्रमुखाचा पगार सगळे चित्र बदलून टाकतो. एखाद्या संकेतस्थळावर त्या शहराचा आकडा दिसला तर तो किती जणांच्या माहितीवरून काढला आहे हे पाहा. संख्या दिलेली नसेल तर त्या संपूर्ण प्रदेशाचा आकडा घ्या, तो जास्त भरवशाचा.

३. पॅकेजवरून हातातल्या पगारावर या

मालकाने निवृत्तिनिधीत भरायची रक्कम, अटींवर मिळणारा वार्षिक बोनस आणि विम्याचा हप्ता हे सगळे पॅकेजमध्ये धरलेले असते. ते वजा करा. मग कर वजा करा. एक गोष्ट केमिस्टांनी विशेष सांभाळावी : रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम वेगळा लिहावा. आज तो पगाराचा भाग वाटतो, पण जनरल शिफ्टला (नेहमीच्या दिवसपाळीला) बदली झाली की बंद होतो, आणि घराचे भाडे त्याच्या भरवशावर ठरवलेले असेल तर ओढाताण सुरू होते.

४. शहराचा खर्च तुमच्या घराच्या मापाने मोजा

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे.

पहिली चूक महागाई निर्देशांकाची. एका शहराचा निर्देशांक १५० आणि दुसऱ्याचा १४० असेल तर दुसरे शहर स्वस्त, असा अर्थ होत नाही. आधारवर्षापासून (ज्या वर्षी निर्देशांक १०० धरतात) तिथल्या किमती कमी वेगाने वाढल्या, एवढेच त्यातून कळते. दोन ठिकाणच्या किमतींच्या पातळीची तुलना करणारे मोजमाप वेगळे असते. अमेरिकेत असे प्रादेशिक निर्देशांक देशाची सरासरी १०० धरून प्रसिद्ध होतात, आणि त्यांत वस्तूंच्या किमतींपेक्षा घरभाड्यातला फरक कितीतरी मोठा दिसतो. इतरत्रही अंदाज बांधताना हे सूत्र उपयोगी पडते : भाडे शहरागणिक बदलते, पाळणाघर आणि दुरुस्तीसारख्या स्थानिक सेवा काही प्रमाणात बदलतात, मोबाइल, लॅपटॉप, कर्जाचे हप्ते जवळपास सगळीकडे सारखेच.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. "ते शहर २० टक्के स्वस्त आहे, म्हणजे १०० ऐवजी ८० मिळाले तरी बरोबरी" असे गणित लोक मांडतात. उदाहरणानेच पाहू. मोठ्या शहरात हातात १०० येतात. घरभाडे ३५, किराणा आणि घरखर्च २०, प्रवास ८, शाळा-पाळणाघरासारख्या सेवा १०, हप्ते, विमा आणि घरी पाठवायचे पैसे १५. उरतात १२.

आता मध्यम शहरात हातात ८२. भाडे २०, घरखर्च १८, सेवा ८. प्रवास मात्र १२, कारण सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असली की स्वतःचे वाहन लागते. हप्ते वगैरे १५ तसेच राहतात, वर गावी ये-जा करण्याचे २. एकूण ७५, उरले ७.

स्थानिक खर्च ७३ वरून ५८ वर आला, म्हणजे शहर खरोखरच सुमारे २० टक्के स्वस्त निघाले. पगार तर १८ टक्केच कमी होता. तरीही शिल्लक १२ वरून ७ वर घसरली. स्वस्ताई फक्त स्थानिक खर्चाला लागू होते, हप्ते काही स्वस्त होत नाहीत. शिल्लक तेवढीच राहायला इथे ८७ हवेत. हा बरोबरीचा आकडा काढणे हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. भाड्यात याहून जास्त वाचणाऱ्या आणि स्वतःचे वाहन न लागणाऱ्या माणसाला ८२ मध्ये फायदाही होऊ शकेल.

भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे हा नियम सगळीकडे ऐकू येतो. तो मुळात अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाडेकरूंसाठी होता. १९६९ मध्ये मर्यादा २५ टक्के ठेवली होती, १९८१ मध्ये ती ३० केली. तुमच्यासाठी तो कायदा नाही. हप्ते मोठे असतील तर २० टक्केही जड जातील.

५. तास मोजा

कामाचे तास आणि जाण्या-येण्याचा वेळ एकत्र करा. मोठ्या शहरात आठवड्याचे ५५ तास देऊन १०० आणि नव्या ठिकाणी ५० तास देऊन ८२ मिळत असतील, तर तासामागची कमाई १८ नव्हे, १० टक्क्यांनीच घटते. मध्यम शहराची खरी जमेची बाजू बहुधा हीच. पण प्लांट गावाबाहेर असतात. कंपनीची बस आहे का, ती दुसऱ्या पाळीलाही आहे का, हे विचारा. तिथे काम करणाऱ्याला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : स्टॅबिलिटीची सॅम्पल (माल किती काळ टिकतो हे तपासायला ठेवलेली) सुट्टीच्या दिवशी काढायची असतील तर कोण येते, आणि ऑडिटच्या आधीच्या महिन्यात लॅबमधून किती वाजता सुटका होते? या दोन उत्तरांतून तिथल्या कामाची पद्धत मुलाखतीपेक्षा जास्त कळते.

६. त्या शहरात दुसरी नोकरी आहे का, ते पाहा

माझ्या मते पगाराइतकेच वजन या प्रश्नाला द्यावे. शहरात एकच मोठी लॅब असेल तर तिथला पगार हळू वाढतो. तुम्ही सोडून जाणार कुठे, हे व्यवस्थापनालाही माहीत असते.

हे तपासायची चांगली सोय आहे. चाचणी प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार मान्यता देणाऱ्या संस्था मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी प्रसिद्ध करतात. प्रत्येक लॅबसोबत तिचा 'स्कोप' असतो : कोणते पदार्थ, कोणती चाचणी, कोणती पद्धत. त्या शहराची आणि आसपासची नावे काढा आणि तुमचा हात बसलेली उपकरणे कुठे कुठे वापरात आहेत ते पाहा. पाण्याच्या चाचण्यांची लॅब असेल आणि तुमचा सगळा अनुभव औषधांचा असेल, तरी आयन क्रोमॅटोग्राफी (पाण्यातले क्षार मोजण्याची पद्धत) किंवा आयसीपी (धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र) येत असेल तर दार उघडे राहते. यादीत पाच-सहा ठिकाणे निघाली तर निश्चिंतपणे जा. एकच निघाले तर ८७ चा आकडा ९० च्या पुढे न्या. पुढे सोडायची वेळ आली तर बिऱ्हाड पुन्हा हलवावे लागेल, तो खर्च आजच धरलेला बरा. जोडीदारही नोकरी करणारा असेल तर त्याच्या किंवा तिच्या क्षेत्रासाठी हीच चौकशी करा. एक पगार बंद पडला तर वरचे सगळे गणित कोलमडते.

७. आकडा घेऊन बोलणी करा

हातातल्या ८७ वरून उलटा हिशेब करून करापूर्वीचा आकडा काढा आणि तोच मागा, कारणासहित. मूळ पगार वाढत नसेल तर सामान हलवण्याचा खर्च, सुरुवातीच्या काही महिन्यांची राहण्याची सोय, वाहतूक, नाहीतर नव्या उपकरणाचे प्रशिक्षण मागा. प्रशिक्षणाच्या बदल्यात बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) लिहून घेणार असतील तर मुदत आणि परत द्यायची रक्कम सही करण्याआधी वाचा. काळ सरेल तशी ती रक्कम कमी होत गेली पाहिजे.

घराचा करार मात्र परिविक्षा (नोकरी पक्की होण्याआधीचा काळ) संपेपर्यंत लांब मुदतीचा करू नका. पाळी कोणती मिळते आणि बस कुठून सुटते हे पक्के झाल्यावरच कायमचे घर शोधा.