हायड्रोजन ब्लेंडिंगचं सिम्युलेशन करताय? आधी लुईस नंबर बघा

मेकॅनिकल किंवा केमिकल करून सीएफडीकडे (वायू-द्रवांच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन) वळलेल्या आणि आता हायड्रोजन मिसळलेल्या नैसर्गिक वायूवर (हेच ब्लेंडिंग) प्रोजेक्ट मिळालेल्या मुलामुलींसाठी लिहितोय. मेश, टर्ब्युलन्स मॉडेल वगैरे येतं असं धरतो. ओपनफोम या मोफत सीएफडी सॉफ्टवेअरवर हात बसला नसेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं साहित्य फुकट आहे, ते आधी करा.

टक्केवारी नीट वाचा. सुरतजवळ कवासला एनटीपीसीने 2023 मध्ये पीएनजीत (पाइपने घरोघरी येणारा गॅस) हायड्रोजन मिसळायला घेतला, इंग्लंडात कील युनिव्हर्सिटीत 20 टक्क्यांपर्यंत गेले, हे सगळे आकडे व्हॉल्यूमचे. मिथेनमध्ये व्हॉल्यूमने 20 टक्के हायड्रोजन म्हणजे वजनाने जेमतेम 3 आणि ऊर्जेत साधारण 7 टक्के, कार्बन डायऑक्साइडही तेवढाच घटतो. सॉल्व्हर मास फ्रॅक्शन, म्हणजे वजनाचा हिस्सा मागतो, तिथे 0.2 टाकलंत तर व्हॉल्यूमने दोन तृतीयांश हायड्रोजन झाला.

आता खरा खड्डा, ज्यात माझे एमटेकचे कितीतरी महिने गेले. मिथेनच्या ज्वालेत उष्णता आणि इंधन साधारण एकाच वेगाने पसरतात, म्हणजे लुईस नंबर (उष्णता पसरायचा वेग भागिले इंधन पसरायचा वेग) 1 च्या आसपास, म्हणून बऱ्याच तयार केसेस तो 1 धरूनच चालतात. हायड्रोजन इतका हलका की लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असलेल्या मिश्रणात हा नंबर 0.3-0.4 वर येतो, म्हणजे उष्णता निसटायच्या आत इंधन ज्वालेकडे धावतं. ज्वालेचा जो भाग पुढे फुगलाय तिथे जास्त हायड्रोजन गोळा होतो, तो अजून जोरात जळतो, अजून पुढे सरकतो, आणि मागचा खोलगट भाग मंदावतो. अख्खी ज्वाला सुरकुतते, जळणारं क्षेत्रफळ वाढतं, काही जागी तापमान ॲडियाबॅटिकच्याही (उष्णता बाहेर न जाता त्या मिश्रणाला मिळणारं तापमान) वर जातं, आणि नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) तापमानावर किती चढतो ते तुम्हाला माहितीये. लुईस नंबर 1 ठेवला की यातलं काहीच दिसत नाही. आणि एरर एकही येत नाही! रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) छान उतरतात, कॉन्टूर बघून गाईड खूश, स्क्रीनवर ज्वाला बर्नरच्या तोंडाशी शांत उभी, आणि खऱ्या बर्नरमध्ये तीच आत शिरते, फ्लॅशबॅक.

म्हणून थ्रीडीला हात लावायच्या आधी कँटेरा या ज्वलनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वन-डी फ्री फ्लेम (एकाच दिशेत मोकळी सरकणारी सपाट ज्वाला) चालवा. 300 केल्विन, 1 ॲटमॉस्फिअर, स्टॉइकिओमेट्रिक (इंधन पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा) मिथेन-हवेला 38 सेंमी प्रति सेकंदाच्या जवळपास फ्लेम स्पीड यायला हवा, शुद्ध हायड्रोजनला 2 मीटरच्या पुढे. मग लीन मिश्रण घेऊन ट्रान्सपोर्ट मॉडेल (वायू आणि उष्णता कशा पसरतात त्याचं गणित) एकदा युनिटी लुईस (सगळ्यांना 1), एकदा मिक्स्चर-ॲव्हरेज्ड (प्रत्येक वायूचा पसरायचा वेग वेगळा) ठेवा, हायड्रोजन 20, 50, 80 टक्के करत जा आणि दोन रेषा कशा फाकतात ते स्वतः बघा. 20 टक्क्यांवर घाबरायचं कारण नाही, फरक लहान असतो, प्रोजेक्ट तेवढाच असेल तर तुम्ही सुटलात. अर्ध्याच्या पुढे मात्र माफी नाही. मेकॅनिझम, म्हणजे ज्वलनातल्या रासायनिक अभिक्रियांची यादी, हाही बघा: जीआरआय-मेक 3.0 नैसर्गिक वायूसाठी बनलेलं आहे, 53 स्पीसीज, 325 रिॲक्शन. हायड्रोजन जास्त असेल तर हायड्रोजनसाठीचं वेगळं मेकॅनिझम घ्या.

दुसऱ्याची केस फाइल उचलून फक्त इंधन बदलणं मला अजिबात पटत नाही, कारण त्यात नक्की काय गृहीत धरलंय ते कुणीच सांगत नाही. आणि पेपरांची संख्या बघून गाईड निवडू नका, तुमच्या शेजारी बसून ट्रान्सपोर्टची फाइल उघडणारा सीनियर मिळाला तर त्याला सोडू नका.

पडताळणीसाठी सिडनी युनिव्हर्सिटीच्या प्रयोगातली एचएम1 ज्वाला घ्या, मिथेन आणि हायड्रोजन निम्मे-निम्मे, मोजमापं उपलब्ध आहेत. ती जुळली की एचएम2 आणि मग एचएम3, तिथे जेटचा वेग वाढत ज्वाला विझायच्या बेताला येते.