फाइल सेव्ह होत नाही? सीएचमॉड मारायच्या आधी

सांगलीत छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला लागलात की हा फोन येणारच: "दादा, सेव्ह होत नाय, परमिशन नाही म्हणतंय." मार्केट यार्डातली हळदीची अडत असो नाहीतर विश्रामबागेतलं डीटीपीचं दुकान, जुन्या मशीनवर मिंट किंवा उबंटू हे लिनक्स टाकलेलं असतं. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या ॲप बंदिस्त पॅकेटातून टाकायच्या दोन पद्धती. मिंटवर ॲप बऱ्याचदा फ्लॅटपॅकमधून येतं, उबंटूवर स्नॅपमधून, २२.०४ पासून तर तिथं फायरफॉक्सही स्नॅपच.

नवी पोरं पहिल्यांदा सीएचमॉड ७७७ मारतात, म्हणजे परवानग्या बदलायची कमांड. फोल्डर सगळ्यांना मोकळं होतं आणि फाइल तरीही सेव्ह होत नाही. कारण अडवणारं फोल्डर नसतंच. ॲपला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या मशीनपासून वेगळ्या कुंपणात बसवलेलं असतं, आणि जे त्याला आतून दिसतच नाही तिथं ते लिहिणार कसं?

म्हणून आधी टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा, त्याच युजरने त्याच फोल्डरात 'टच' कमांड मारून रिकामी फाइल बनवून बघा. बनली, तर संशय सँडबॉक्सवर. नाही बनली, तर मालकी आणि परवानग्या तपासा.

स्नॅपची नेहमीची तक्रार पेनड्राइव्हची. 'रिमूव्हेबल-मीडिया' हा इंटरफेस, म्हणजे पेनड्राइव्ह वापरायची परवानगी, बहुतेक ॲपना आपोआप जोडलेला नसतो. 'स्नॅप कनेक्शन्स' लिहून बघा, नसेल तर ॲडमिनच्या हक्काने 'सुडो स्नॅप कनेक्ट' मारून जोडा. होममधली (युजरच्या स्वतःच्या फोल्डरातली) टिंबाने सुरू होणारी फोल्डरंही स्नॅपला बंद असतात. शिवाय त्याचं टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं, फोल्डर वेगळं असतं; तिथं ठेवलेली फाइल बाहेरच्या टेंपमध्ये शोधत बसू नका.

फ्लॅटपॅकच्या 'इन्फो' कमांडसोबत 'शो-परमिशन्स' लावलं की काय काय दिलंय ते कळतं. बदल फ्लॅटसील या परवानग्या बदलायच्या ॲपमधून करा, गिऱ्हाइकालाही दाखवता येतो. सगळी डिस्क उघडी करायचा मोह होतो, पण मी तेवढं एकच फोल्डर देतो. बिलं डी-ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात जातात, मग बिलाच्या ॲपला अख्खं होम कशाला? बदलानंतर ॲप पूर्ण बंद करून उघडा, चालू ॲपला नवी परवानगी लागू होत नाही.

डीटीपीवाल्यांची गंमत वेगळीच. फाइल उघडते, सेव्हही होते, पण लिंक केलेले फोटो गायब. फाइल निवडायची खिडकी पोर्टलमधून, म्हणजे बाहेरची फाइल सँडबॉक्सच्या आत देणाऱ्या सोयीतून, आलेली असते, आणि पोर्टल फक्त निवडलेली फाइल आत देतं. शेजारचे फोटो बाहेरच राहतात. फाइलचा पत्ता 'रन/युजर/१०००/डॉक' असा दिसला की ओळखायचं. इथं मात्र त्या कामाचं फोल्डरच द्यावं लागतं.

मशीनवर विंडोजही असेल, तर तेही बघा. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करायची सोय) चालू असला की विंडोज नीट बंद होत नाही, आणि लिनक्स तो एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीचा) ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतो. तेव्हा 'टच'ही अडतं, फ्लॅटसील उघडून काही उपयोग नाही. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढा आणि मशीन पूर्ण शटडाउन करा.