मोकळ्या समुद्रातील डॉल्फिनांसोबत पोहण्यापूर्वी

उष्णकटिबंधातील एखाद्या बेटावर जाऊन मोकळ्या समुद्रातील डॉल्फिनांसोबत पोहायचे असेल, तर सहलीची आखणी त्या प्राण्याच्या दिनक्रमापासून सुरू करावी. अशा सहलींत अनेक ठिकाणी दिसणारा स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात लहान मासे आणि माकुळ यांची शिकार करतो आणि दिवसा किनाऱ्यालगतच्या उथळ, वाळूच्या तळाच्या खाडीत विसावतो. त्या वेळी कळप संथपणे पोहत असतो खरा, पण ती त्याची झोप असते. मेंदूचा एक अर्धा भाग विश्रांती घेतो आणि दुसरा जागा राहतो. पर्यटकांच्या बोटी नेमक्या याच वेळी खाडीत शिरतात. वारंवार होणाऱ्या या झोपमोडीमुळेच हवाई बेटांभोवती, किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत, स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे ४५ मीटरपेक्षा, जवळ जाण्यास २०२१ पासून मनाई आहे. इजिप्तमधील समदाई प्रवाळभित्तीत डॉल्फिनांच्या विश्रांतीचा भाग माणसांसाठी पूर्ण बंद असून पोहणाऱ्यांना ठरावीक हद्दीतच थांबावे लागते. जवळ यायचे की नाही, हे डॉल्फिन ठरवतात. ही व्यवस्था मला सर्वांत न्याय्य वाटते.

म्हणून बेट निवडताना तेथील नियम आधी वाचावेत आणि बोटवाल्याला स्पष्ट प्रश्न विचारावेत: एका वेळी किती जण पाण्यात उतरतात, कळपात पिल्ले असल्यास काय केले जाते, कळप दूर जाऊ लागला तर बोट त्याच्या मागे जाते का? ‘डॉल्फिन नक्की दाखवू, हातही लावू देऊ’ असे आश्वासन मिळाले, तर ती बोट टाळावी. खाऊ घालून डॉल्फिनांना बोलावणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नये.

स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क व श्वासनळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहण्याचा, सराव निघण्यापूर्वीच, जलतरण तलावात करावा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा; हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला, तर तो मापाचा आहे असे समजावे. मिशा किंवा कडेखाली अडकलेले केस यांमुळे पाणी आत शिरते. नळीत पाणी आले, तर जोरात फुंकून ते बाहेर काढण्याची सवय इतकी अंगवळणी पडावी की, लाटेतही घाबरल्यासारखे होऊ नये. पोहणे कच्चे असेल, तर तरंगण्यासाठी जॅकेट घालावे आणि जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू नये. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेणे मात्र धोक्याचे आहे. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची तीव्र इच्छा उशिरा होते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो.

पाण्यात उडी न मारता, बोटीच्या कडेवरून हळूच उतरावे. हात शरीरालगत ठेवून फिन्स (पोहण्यासाठी पायांत घालायचे पंख) संथपणे हलवावेत, कळपाच्या वाटेत आडवे जाऊ नये आणि माता व पिल्लू यांच्यामध्ये तर कधीच येऊ नये. डॉल्फिन शेपटी पाण्यावर आपटू लागले, अचानक दिशा बदलू लागले किंवा दीर्घकाळ खोल गेले, तर ती नाराजीची खूण मानून मागे फिरावे. पाठलाग करून त्यांना गाठणे शक्य नसते, आणि केवळ प्रयत्नानेही त्यांना त्रास होतो. उलट एका जागी शांत तरंगणाऱ्या माणसाभोवती कुतूहलाने एखादी फेरी मारण्यास ते कधीकधी स्वतःहून येतात.

ते आले नाहीत, तर उरलेला वेळ प्रवाळांवर घालवावा. तेथेही प्रवाळावर उभे राहू नये, कारण त्याचा बाह्य थर जिवंत असतो. उन्हापासून बचावासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा वापरावा. त्यामुळे सनस्क्रीन कमी लागते. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेले सनस्क्रीन तर घेऊच नये. प्रवाळांच्या रक्षणासाठी पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्याच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत.