बाल न्याय मंडळ, बालकल्याण समितीचे कागद: कोणाला काय मिळतं आणि कसं मागायचं

"पोराची फाइल द्या" असं म्हणत खिडकीवर गेलात तर नाही हेच उत्तर येणार, आणि त्यात क्लार्कचं काही चुकत नाही. त्या फाइलमध्ये दोन वेगळ्या जातीचे कागद असतात. एक म्हणजे ऑर्डर, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं, कोणाच्या ताब्यात द्यायचं, जामीन, सुटका वगैरे. दुसरे रिपोर्ट, म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक चौकशी अहवाल, समुपदेशकाचा अहवाल, मेडिकल, घरी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून लिहिलेलं सगळं. ऑर्डर मागणं नि रिपोर्ट मागणं ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा दोन्ही एकत्र मागितल्यामुळे.

कायदा म्हणजे बाल न्याय कायदा २०१५, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आणि आपल्याकडे महाराष्ट्राचे २०१८ चे नियमही आहेत. मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल तर मामला बाल न्याय मंडळाकडे, आणि मूल सापडलेलं, सोडून दिलेलं, मारहाण झालेलं, मजुरीतून सोडवलेलं असं असेल तर बालकल्याण समितीकडे. अर्ज चुकीच्या टेबलावर टाकू नका, एवढंच.

आता आईवडील. कलम ९९ सांगतं की समितीसमोर किंवा मंडळासमोर आलेले मुलाबाबतचे सगळे रिपोर्ट गोपनीय, पण समितीला किंवा मंडळाला योग्य वाटलं तर त्यातला सारांश मूल, त्याचे आईवडील किंवा पालक, नाहीतर दुसरी समिती किंवा मंडळ ह्यांना सांगता येतो, आणि रिपोर्टमधल्या मुद्द्यावर तुमचा पुरावा मांडायची संधीही देता येते. इथे दोन गोष्टी नीट बघा. सारांश म्हटलंय, झेरॉक्स नाही. आणि "योग्य वाटलं तर" म्हटलंय, म्हणजे बापानेच मारलं अशी तक्रार मुलाने समुपदेशकाला सांगितली असेल तर त्या बापाला तो कागद वाचून दाखवायला कोणी बांधील नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. म्हणून अर्जात सगळी फाइल मागायची नाही, साधं एवढं लिहायचं:

"मी सदर बालकाची आई आहे. सामाजिक चौकशी अहवालात आमच्या घरच्या परिस्थितीबद्दल जे नमूद आहे त्याचा सारांश कलम ९९ प्रमाणे मला कळवावा, व त्यावर म्हणणे आणि कागदपत्रे सादर करण्याची संधी द्यावी. तसेच दिनांक अमुक रोजीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळावी."

बास. सोबत मुलाचा जन्मदाखला, तुमचं आधार, केस नंबर असेल तर तो, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का नि तारीख घ्यायचीच घ्यायची. ऑर्डरच्या प्रतीसाठी तुमची बाजू भक्कम असते, कारण अपील ऑर्डरच्या तारखेपासून ३० दिवसात करायचं असतं आणि प्रत हातात नसेल तर अपिलात लिहिणार काय. चौकशी अहवालाला साधारण १५ दिवस लागतात, कायद्यातच तेवढी मुदत आहे, त्यामुळे तिसऱ्या दिवशी जाऊन भांडू नका, तो कागद तेव्हा तयारच नसतो.

आजीआजोबा, मामा, आत्या ह्यांची अडचण वेगळी, त्यांना "तुम्ही पालक नाही" म्हणून परत पाठवतात. पण कायद्यातली पालकाची व्याख्या वाचा ना, ज्याच्याकडे मूल प्रत्यक्षात राहतंय आणि ज्याला समितीने किंवा मंडळाने चौकशीच्या ओघात पालक म्हणून मान्य केलंय तो पालक. म्हणजे आधी अर्ज करायचा तो मान्यतेचा, शाळेच्या दाखल्यावर आजीची सही, रेशनकार्डवर पोराचं नाव, असं जे असेल ते जोडून, आणि कागदांचा अर्ज त्यानंतर. उलटं केलं की अडतं.

मूल स्वतः मागू शकतं हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. कलम ९९ मध्ये मुलाचं नाव आईबापाच्या आधी घेतलंय. वकील लावायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, त्या जिल्ह्याच्या कोर्टातच ऑफिस असतं, मुलांना फुकट वकील मिळतो, आणि मंडळाने ती सोय करून द्यायची असं कायद्यातच लिहिलंय. वकिलामार्फत मागितलं की खूप वेळा काम पुढे सरकतं, कारण कुठला शब्द वापरायचा ते त्यांना माहीत असतं.

नवराबायकोच्या भांडणात मात्र सावध राहा. फॅमिली कोर्टात ताब्याची केस चालू आहे आणि समितीचा रिपोर्ट दुसऱ्याविरुद्ध वापरायचाय म्हणून धावपळ करणारे खूप. स्वतः कॉपी मिळवायच्या मागे लागू नका, फॅमिली कोर्टातच अर्ज द्या की समितीचं रेकॉर्ड बंद पाकिटात मागवून कोर्टाने पाहावं, मग मागवायचं की नाही आणि कोणाला किती दाखवायचं ते जज ठरवतील. कोणाकडून तरी फोटो मिळवून तो व्हॉट्सॲपवरनं वकिलाला पाठवलात तर तुमच्याच अंगाशी येऊ शकतं.

पीडित मूल किंवा व्यक्ती असेल तर चित्र एकदम वेगळं. त्याच कलम ९९ चं दुसरं पोटकलम म्हणतं की पीडिताला केसचं रेकॉर्ड, आदेश आणि संबंधित कागद नाकारता येणार नाहीत. इथे "योग्य वाटलं तर" वगैरे काही नाही. हे पोटकलम अर्जात आकड्यासकट लिहा, कारण पहिलं पोटकलम सगळ्यांना पाठ आणि दुसरं विसरलेलं असतं. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची केस असेल तर सपोर्ट पर्सन मागून घ्या, समिती तो देते, तारखा नि कागदांचा पाठपुरावा त्याच्यामुळे सोपा होतो. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसात फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात आहे.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, नोकरी नि पासपोर्टचा. सोळाव्या वर्षी केस झाली होती, आता पोलीस व्हेरिफिकेशन आलंय, काय होईल? कलम ७४ नुसार चारित्र्य दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठीही पोलिसांनी मुलाचं रेकॉर्ड उघड करायचं नाही. कलम २४ म्हणतं त्या केसमुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद एकच, १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर बाल न्यायालयाने (हे मंडळापेक्षा वेगळं, वरचं कोर्ट) प्रौढासारखा खटला चालवून त्याला दोषी ठरवलं तर. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) भरतीतल्या एका प्रकरणात लहानपणीची केस दाखवून नोकरी नाकारता येत नाही असा निकाल दिलाय, तो वकिलाला शोधायला सांगा. फॉर्मवर "केस आहे का" ह्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र फॉर्मचे शब्द बघून वकिलाशी बोलूनच ठरवा, मोघम सल्ला इथे कामाचा नाही.

रेकॉर्ड नष्टही करायचं असतं. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं, त्याच्यापुढे ठेवायचं नाही असं केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमात आहे. ते आपोआप होईल ह्या भरवशावर बसू नका, मंडळाकडे अर्ज करा की कलम २४ प्रमाणे पोलिसांना रेकॉर्ड नष्ट करायचे निर्देश द्यावेत. आणि त्याआधी निर्दोष सुटल्याची किंवा केस संपल्याची प्रमाणित प्रत काढून घरी जपून ठेवा, कारण एकदा तिथलं रेकॉर्ड गेलं की पुढे कोणी विचारलं तर दाखवायला तुमच्याचकडे कागद हवा.

दत्तक गेलेल्यांना मूळ शोधायचं असेल तर रस्ता निराळा. १८ पूर्ण असेल तर स्वतः अर्ज, नसेल तर दत्तक आईवडिलांबरोबर मिळून, आणि अर्ज दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा कारा (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) ह्यांच्याकडे. परदेशात वाढलेले पुण्यामुंबईच्या संस्थांमधले खूप जण हे करतात. मित्राने, पत्रकाराने किंवा खाजगी डिटेक्टिव्हने परस्पर शोध घेतलेला चालत नाही. जन्मदात्रीने मूल सोपवताना नाव उघड करू नका म्हणून लिहून दिलं असेल तर आधी तिची संमती लागते, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागतो आणि कधी कधी नकारच येतो.

बाकी शाळा, सोसायटीचा सेक्रेटरी, होणारं सासर, शेजारी, कंपनीचं एचआर, कोणालाही काहीही मिळत नाही. माहिती अधिकारात फाइल मागितली तरी वैयक्तिक माहिती म्हणून नकार येणार, आकडे मात्र मागा, किती केसेस प्रलंबित, समितीची किती पदं रिकामी, ते मागायला हरकत नाही. पत्रकारांसाठी नियम कडक आहे, नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही, मंडळाने किंवा समितीने मुलाच्या हिताचं म्हणून, कारणं लेखी नोंदवून परवानगी दिली तरच. भंग झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या कार अपघातानंतर अल्पवयीन आरोपीच्या जामिनाला मंडळाने घातलेली ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट गाजली, लोकांचा राग समजतो, पण त्या रागात मुलाचे फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांना ह्या कलम ७४ ची कल्पना नसावी, त्यात पेपर नि टीव्हीच नाही, इतर कुठलंही माध्यम येतं.

नकार तोंडी मिळाला तर तिथेच थांबायचं नाही, "लेखी द्या" म्हणायचं. लेखी नकार हातात आला की त्यावर बाल न्यायालयात ३० दिवसात अपील करता येतं का ते विधी सेवेच्या वकिलाला लगेच विचारा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून मुदत माफ होऊ शकते, पण पोचवाली प्रत नसेल तर तुम्ही कधी मागितलं होतं हेच सिद्ध होत नाही.